वाचकांचे प्रश्न : ट्रिनिटी चर्चच्या न जुळणाऱ्या खिडक्या

गेल्या अंकात रंगीत काचेच्या दुरुस्तीवर लिहिताना मी बोस्टनच्या कॉप्ली चौकातल्या ट्रिनिटी चर्चचा उल्लेख केला होता, तोही जेमतेम चार ओळींचा. पत्रं मात्र बाकीचा लेख सोडून त्या चार ओळींवरच आली. बोस्टनजवळच्या एका काच-कार्यशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली आणि सुट्टीच्या दुपारी जाऊन बसायची माझी जागा हीच, त्यामुळे तक्रार नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, ट्रिनिटीला तुम्ही ‘एपिस्कोपल’ म्हटलंत. म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट? आणि इंग्रजांनी काढलेलं चर्च अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वाचलं कसं? (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

साध्या हिशेबाने प्रोटेस्टंट. पण बिशप, वेदी, झगे, छापील प्रार्थना हे सगळं राखून असलेलं. आपल्याकडे इंग्रजांबरोबर जे अँग्लिकन चर्च आलं, त्याचंच हे अमेरिकेतलं भावंड. कुलाब्याचं अफगाण चर्च त्याच घराण्यातलं. १९७० मध्ये आपल्याकडचे अँग्लिकन चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले, म्हणून आज ते नाव ऐकू येत नाही, एवढंच.

ट्रिनिटीची मंडळी, म्हणजे तिथे उपासनेला जमणारा समुदाय, १७३३ची. किंग्ज चॅपल या आधीच्या अँग्लिकन चर्चमध्ये बसायला जागा पुरेना, म्हणून समर स्ट्रीटवर १७३५ मध्ये लाकडी चर्च उभं राहिलं. बोस्टनमधलं हे तिसरं अँग्लिकन चर्च. पुढे युद्ध पेटलं आणि पंचाईत झाली ती प्रार्थनेच्या पुस्तकामुळे. त्यात राजा जॉर्जच्या सुखरूपतेची प्रार्थना छापलेली. म्हणावी तर बाहेरचा जमाव चिडणार, गाळावी तर पाळकाने घेतलेली शपथ मोडणार. शहरातले बाकीचे अँग्लिकन पाळक इंग्रज फौजेच्या मागोमाग निघून गेले होते. ट्रिनिटीचा तरुण सहायक पाळक सॅम्युअल पार्कर राहिला. १७७६च्या जुलैत त्याने आणि चर्चच्या पंचांनी मिळून राजाची प्रार्थना गाळून टाकली आणि दार उघडं ठेवलं. युद्धाच्या काळात बोस्टनमधलं एवढं एकच अँग्लिकन चर्च चालू राहिलं. हाच पार्कर १८०४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा बिशप झाला, पण त्याच वर्षी वारला.

बिशपांचा घोळ तर आणखी मजेशीर. इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ आलीच. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अमेरिकनाने ती कशी घ्यावी? म्हणून सॅम्युअल सीबरी १७८४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला गेला आणि तिथल्या बिशपांकडून दीक्षा घेऊन आला. १७८९ मध्ये अमेरिकेचं एपिस्कोपल चर्च रीतसर वेगळं झालं.

प्रश्न : १८७२च्या आगीत जुनं चर्च जळालं म्हणून नवं बांधलं, असं आमच्या अभ्यासक्रमाच्या टिपणांत आहे. आणि ही एवढी दगडी इमारत लाकडाच्या खांबांवर उभी आहे हे खरं का? (वास्तुकलेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

टिपणं अर्धी बरोबर आहेत. समर स्ट्रीटवरचं लाकडी चर्च जाऊन १८२९ मध्ये तिथे ग्रॅनाइटचं गॉथिक चर्च झालं होतं. पण आजूबाजूला घरं उठून वखारी आणि दुकानं आली, मंडळी दूर राहायला गेली. त्यामुळे आगीच्या आधीच चर्चने बॅक बेमध्ये जागा घेतली होती आणि वास्तुकार म्हणून हेन्री हॉब्सन रिचर्डसनची निवडही झाली होती. ९ नोव्हेंबर १८७२च्या रात्री समर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच आग लागली. त्या वेळी घोड्यांमध्ये तापाची साथ होती, म्हणून आगीचे बंब माणसांना ओढत न्यावे लागले. ७७६ इमारती गेल्या, त्यांत ट्रिनिटीही. आगीनंतरच्या फोटोंत मनोऱ्याचा दगडी सांगाडा तेवढा उभा दिसतो. स्थलांतर ठरलेलंच होतं. आगीने मागचे दोर कापले.

बॅक बे म्हणजे खाडीत भराव घालून केलेली जमीन. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. भरावाखाली साधारण ४,५०० लाकडी खांब ठोकले, त्यांवर ग्रॅनाइटचे चार प्रचंड चौथरे रचले आणि त्या चौथऱ्यांवर मधला मनोरा तोलला. लाकूड जमिनीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तोवर कुजत नाही. पाण्याची पातळी खाली गेली, हवा लागली, की कुजायला सुरुवात. म्हणून तिथे भूजलावर आजही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात.

शेजारच्या हॅनकॉक टॉवरचीही गंमत वाचून ठेवा, परीक्षेत नाही आली तरी. साठ मजली काचेचा हा मनोरा बांधताना पायाच्या खोदाईने आजूबाजूची जमीन सरकली, चर्चच्या भिंतींना तडे गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल चर्चच्या बाजूने लागला. पण त्याआधीच, १९७३च्या सुमाराला, टॉवरचीच तावदानं फुटून खाली कोसळू लागली. एकेक तावदान सव्वादोनशे किलोच्या आसपास. जिथे काच गेली तिथे प्लायवूड ठोकलं, आणि शेवटी १०,३४४ तावदानं, सगळीच्या सगळी, बदलली. कारण काय निघालं? दुहेरी काचेच्या कडेला दिलेली शिशाची झाळ. ती इतकी पक्की बसली होती की काच जराही हलू शकेना, आणि न हलणारी काच तडकते. पलीकडच्या चर्चमधल्या खिडक्याही शिशातच बसवलेल्या, पण तिथलं शिसं मऊ, वाऱ्याबरोबर थोडं लवणारं. माझ्यासारख्या झाळकाम करणारीला यात जरा आसुरी आनंद होतो, तेवढी माफी असावी.

प्रश्न : मुलीकडे गेलो असताना ट्रिनिटी पाहिलं. इमारत भव्य, पण खिडक्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक झगझगीत निळी-हिरवी, एक तैलचित्रासारखी, काही जुन्या इंग्लिश चर्चसारख्या. एवढा पैसा ओतला, तर एकाच कारागिराकडून सगळं काम का नाही करून घेतलं? मला तरी ते विस्कळीत वाटलं. (निवृत्त अभियंता, नाशिक)

तुमची नजर अचूक आहे. निष्कर्ष मला पटत नाही.

९ फेब्रुवारी १८७७ला चर्चचं समर्पण झालं तेव्हा जवळजवळ सगळ्या खिडक्यांत साधी काच होती. रिचर्डसन आणि तिथले पाळक फिलिप्स ब्रुक्स यांना रंग हवा होता तो आधी भिंतींवर. ते काम चित्रकार जॉन ला फार्जकडे दिलं. त्याने भर हिवाळ्यात, परांचीवर उभं राहून, काही महिन्यांत आतला सगळा भाग रंगवून काढला. तोवर खिडक्यांचा एकत्र असा आराखडा नव्हताच. पुढची पन्नासेक वर्षं त्या येत गेल्या, त्या कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ. कुणाचा मुलगा गेला, कुणाचे वडील. घराने पैसे दिले आणि आपल्या पसंतीच्या कारागिराला काम सांगितलं. कुणाची ओळख लंडनला, कुणाची पॅरिसला. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर, घाटांवर देणगीदारांच्या फरश्या बसतात तसंच हे. फरक एवढाच, की इथे फरशीवर नाव कोरण्याऐवजी अख्खी खिडकी देणगीदाराच्या आवडीची.

म्हणून ती खिडक्यांची रांग मी मंडळीची वही म्हणून वाचते. वेदीमागच्या खिडक्या लंडनच्या क्लेटन अँड बेल या कारखान्याच्या. इंग्रजी गॉथिक पद्धत, आखीवरेखीव कप्पे, लहान लहान आकृत्या, लाल-निळ्याची नेमकी वाटणी. हात सराईत आहे, पण खरं सांगायचं तर मला त्या थोड्या निर्जीव वाटतात. पॅरिसच्या ऊदिनोकडून आलेल्या खिडक्या आहेत, इंग्लंडच्या हेन्री हॉलिडेच्या आहेत.

मग बाप्तिस्म्याच्या जागेतली १८८२ची खिडकी : म्हातारा दावीद आपला मुलगा शलमोन याला मंदिर बांधायची आज्ञा देतो आहे. चित्र इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सचं, काच त्याचा मित्र विल्यम मॉरिसच्या कारखान्याची. इथे थांबाच. मॉरिस काचेचे रंग स्वतः निवडायचा आणि शिशाची रेघ कुठून जाईल तेही पाहायचा. वाईट खिडकीत शिसं चित्राला आडवं जातं, गळ्यावरून, बोटांवरून. इथे ते कपड्याच्या घडीतून, माणसांच्या कडेने वळत जातं आणि चित्राची रेषाच होऊन बसतं. माणसांची दाटी आहे, तरी गोंधळ नाही. चर्च बांधणाऱ्यांनी मंदिर बांधायच्या आज्ञेचा प्रसंग निवडावा, यात थोडा अभिमानही आहे. असू दे.

आणि आता तुमची झगझगीत निळी-हिरवी. ती ला फार्जची, १८८३ची, वैभवात उभा असलेला ख्रिस्त. पश्चिमेच्या भिंतीत तीन उंच झरोके, मधल्यात आशीर्वाद देणारा ख्रिस्त, भोवती फिरोजी निळाई. आत शिरताना ती तुमच्या पाठीशी असते. दिसते ती मागे वळल्यावर. या माणसाने १८७३ मध्ये इंग्लंडला जाऊन तिथल्या चित्रकारांचं काम पाहिलं होतं, आणि परत आल्यावर काचेकडे वळला तो त्यांच्या अगदी उलट्या वाटेने. इंग्रज कारागीर स्वच्छ, पारदर्शक काच घ्यायचे आणि तिच्यावर छाया रंगवायचे. ला फार्जने दुधाळ काच घेतली. ही काच तेव्हा बरण्या-डब्यांसाठी वापरत. सांगतात की आजारपणात पडल्या पडल्या दंतमंजनाच्या एका स्वस्त बरणीतून आलेला उजेड पाहून त्याला हे सुचलं. खिडकीसाठी अशी काच वापरण्याचं पेटंट त्याला फेब्रुवारी १८८० मध्ये मिळालं. लुई टिफनी या दुसऱ्या अमेरिकन काच-कलावंताचं पेटंट त्यानंतरचं, १८८१चं. पण नाव झालं ते टिफनीचं.

दुधाळ काचेत उजेड सरळ आरपार जात नाही, तो काचेच्या आतच पसरतो. त्यामुळे तिला छाया रंगवावी लागत नाही. एकाच तुकड्यात ढगासारखे पट्टे असतात, ते नेमके हवे तिथून कापायचे. रंग गडद हवा तर मागे दुसरी काच लावायची, वाटल्यास तिसरी. या खिडकीत जाडजूड, ओबडधोबड तुकडेही आहेत; त्यांची जाडी सारखी नसल्यामुळे एकच निळा ठिकठिकाणी वेगळा दिसतो. रंगवलेला आहे तो चेहरा, हात-पाय. बाकी सगळं काचेच्या स्वतःच्या अंगचं.

पदर लावायच्या या पद्धतीची किंमत नंतर आम्हाला मोजावी लागते. त्या काळातली अशीच एक दुपदरी खिडकी (ट्रिनिटीची नव्हे) आमच्या टेबलावर आली होती. समोरून निळा मातकट दिसत होता. कडेचं शिसं उघडून दोन काचा सोडवल्या तर मध्ये कोळशाच्या धुराची काळी, चिकट साय. शंभर वर्षं शेगड्यांचा धूर फटीतून आत जाऊन बसलेला. कापसाच्या बोळ्याने ती पुसून काच उजेडावर धरली आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं गप्प झाली. त्यानंतर कोणत्याही जुन्या दुधाळ खिडकीचा रंग मंद दिसला की मी कारागिराला दोष देत नाही.

वहीची शेवटची पानं बायकांची आहेत. सेरा वायमन व्हिटमन ही बोस्टनची चित्रकार, पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी नावाजलेली. तिची ब्रुक्सच्या स्मरणार्थ केलेली १८९५ची खिडकी शेजारच्या पॅरिश हाउसमध्ये, म्हणजे मंडळीच्या कामकाजाच्या इमारतीत, आहे. १९२०च्या दशकात मार्गारेट रेडमंडने काही लहान खिडक्या केल्या. ती पुन्हा जुन्या मध्ययुगीन पद्धतीकडे वळली : लहान तुकडे, भरपूर शिसं, पारदर्शक रंग. म्हणजे ला फार्जने ज्याला पाठ दाखवली, ते त्याच छताखाली चाळीसेक वर्षांनी परत आलं.

एकाच कारागिराकडून सगळं करून घेतलं असतं तर छान जुळलं असतं, हे कबूल. पण मग १८७७ पासून १९२०च्या दशकापर्यंत कुणाची आवड कशी बदलली, हे त्या भिंतींवरून कळलं नसतं. तुम्हाला विस्कळीत वाटण्याचं आणखी एक कारण सांगते, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे : रंगीत काच वाढत गेली तसा आतला उजेड घटला आणि ला फार्जची भित्तिचित्रं झाकोळली. त्यात खुद्द त्याच्या खिडकीचाही हात आहे.

प्रश्न : काच रंगवलेली असते की मुळातच रंगीत? घरात वाद झाला आहे, निकाल द्या. (सोलापूर)

दोघेही जिंकलात. काच मुळातच रंगीत असते. वितळलेल्या काचेत कोबाल्ट घातलं की निळी, लोखंडाच्या क्षारांनी हिरवट, मँगनीजने जांभळी, तांब्याने लाल. तांब्याची लाल काच फार गडद होते, म्हणून साध्या काचेवर तिचा पातळ थर देतात. यावर रंगवायचा रंग बहुधा एकच, काळपट तपकिरी. लोखंडाचा भुगा आणि काचेची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तो लावायचा, वाळला की काडीने, ब्रशने खरवडून उजेड मोकळा करायचा. डोळ्याची पापणी काढायची म्हणजे तिच्याभोवतीचं काळं काढून टाकायचं. मग भट्टीत सहा-साडेसहाशे अंशांवर भाजलं की तो काचेत मुरतो. चांदीचा क्षार मागच्या बाजूने लावून भाजला तर पिवळा मिळतो. केस, मुकुट, तेजोवलय यांचा पिवळा बहुधा तोच.

नंतर हिरकणीने कापलेले तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे झाळायचे, आणि खडूची पूड, जवसाचं तेल व काजळी यांचं लुकण शिशाखाली दाबून भरायचं. हे लुकण नसेल तर पहिल्या वादळात खिडकी खुळखुळते.

प्रश्न : फिलिप्स ब्रुक्स भारतात येऊन गेले होते म्हणतात, खरं का? (इतिहासप्रेमी, सदाशिव पेठ, पुणे)

खरं. १८८२-८३ मध्ये मंडळीने त्यांना वर्षभराची रजा दिली, तेव्हा युरोप करून ते हिवाळ्यात मुंबईमार्गे भारतात आले. बुद्धगयेलाही गेले. त्या दिवसांत बोस्टनच्या सुशिक्षितांमध्ये बौद्ध विचारांचं वारं शिरलं होतं. हल्ली बोस्टनमधले कितीतरी लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवण्यापेक्षा बौद्ध म्हणवून घेणं पसंत करतात, तेव्हा त्यांच्या पाळकाने इथे येऊन जाणं कर्तव्यच आहे, अशा अर्थाचं त्यांनी पत्रात थट्टेने लिहिलं आहे. १८९१ मध्ये ते बिशप झाले, १८९३च्या जानेवारीत वारले.

प्रश्न : आमच्या चर्चच्या दोन रंगीत खिडक्या मध्यभागी फुगल्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, फटींत सिलिकॉन भरू आणि बाहेरून प्लास्टिकचा पत्रा ठोकून बंद करू, म्हणजे कायमची काळजी मिटेल. करावं का? (चर्च समितीचे एक सदस्य, वसई)

नको, दादा, नको. सिलिकॉन एकदा बसलं की काच न फोडता निघत नाही. आणि बाहेरून हवाबंद पत्रा मारलात तर मधली हवा उन्हात तापते, पावसाळ्यात घामेजते. शिसं आणखी फुगतं, रंगवलेल्या भागावर ओल धरते. बाहेरून संरक्षण द्यायचंच तर वर आणि खाली हवा खेळायला फट ठेवून द्या.

आधी पाहा की खिडकीला आडव्या सळ्या आहेत का, आणि त्यांना बांधलेल्या तांब्याच्या तारा तुटल्या आहेत का. फुगवट्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं. खाऱ्या हवेत लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि भोवतीचा दगड फोडतात. त्या काढून पितळी किंवा चांगल्या स्टेनलेसच्या घाला. शिसं शंभरेक वर्षांनी थकतं, तेव्हा खिडकी उतरवून नव्याने बांधावी लागेल असंही निघू शकतं. उतरवण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा, आणि कागद लावून वरून पेन्सिल घासत शिशाचा पूर्ण ठसा घ्या. त्या ठशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या.

आतल्या बाजूने फडक्याने पुसू नका. १८७०च्या सुमाराला इंग्लंडच्या बऱ्याच कारखान्यांनी रंगात टाकणखार घातला होता. तो रंग ओलीने सुटतो आणि चेहरे पुसले जातात. मॉरिसलाही या रंगाने दगा दिला. तुमच्या खिडक्या त्या काळातल्या असतील तर कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही नको. आणि जुनं शिसं हाताळताना हातमोजे घाला. ती पांढरी भुकटी विषारी असते, मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

प्रश्न : पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी बोस्टनला जाणार आहोत. ट्रिनिटीला कधी जावं? (एडिसन, न्यू जर्सी)

सकाळी वेदीकडच्या खिडक्या उजळतात, दुपारनंतर पश्चिमेचा ला फार्ज. एकदाच जायचं असेल तर आभाळ मोकळं असताना दुपारी तीननंतर जा. आभाळ आलं असेल तरी हिरमुसू नका, मॉरिसची खिडकी मऊ उजेडातच जास्त कळते. दुधाळ काच बाहेरूनही पाहा. पारदर्शक काच बाहेरून काळी दिसते, ही दिसत नाही. लहान दुर्बीण जवळ असू द्या, चेहरे उंचावर आहेत. रविवारी उपासना असते, तेव्हा गेलात तर मागच्या बाकावर बसा आणि ती संपेपर्यंत मोबाईल खिशातच ठेवा.